छोट्या वेब एजन्सीत नेमके काम काय असते? जिवतीच्या तरुणांनी आणि पालकांनी समजून घ्यावे असे काही

जिवती तालुक्यात बारावी किंवा आयटीआय झालेल्या मुलापुढे आजवर ठरावीक वाटा होत्या. खाली गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखान्यांत ठेकेदाराकडे काम, पोलीस भरतीची तयारी, नाहीतर घरची कापसाची शेती. गेल्या काही वर्षांत आणखी एक वाट दिसू लागली आहे. कॉम्प्युटरचा कोर्स करून नागपूर, पुणे किंवा चंद्रपूरला 'वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत' लागणे. मुलगा किंवा मुलगी हे सांगते तेव्हा आई-वडिलांचे प्रश्न साधे असतात. ही कंपनी नेमके विकते काय? पगार कुठून येतो? नोकरी टिकेल का? कागदावर सही करायला सांगतात ती करावी का?

टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल ही नावे मिहानमुळे नागपूर परिसरात घरोघरी माहीत झाली आहेत. परंतु अशा कंपन्यांची दारे बहुधा अभियांत्रिकी पदवीधरांसाठी उघडतात. पहाडावरून उतरलेल्या मुलाला पहिली संधी मिळते ती एखाद्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, पाच-सात माणसांनी चालवलेल्या एजन्सीत. म्हणून या लेखात आम्ही मोठ्या कंपन्या बाजूला ठेवून छोट्या एजन्सीचे काम, तिथला पैसा आणि तिथे लागू होणारा कायदा समजावून सांगणार आहोत.

एजन्सी म्हणजे काय?

दवाखाना, शाळा, लॉन, सराफा दुकान, पतसंस्था, बांधकाम व्यावसायिक अशा ग्राहकांसाठी वेबसाइट तयार करून देणारी आणि नंतर ती सांभाळणारी छोटी संस्था म्हणजे वेब एजन्सी. मालक बहुधा स्वतःच कधीतरी प्रोग्रामर किंवा डिझायनर असतो. ग्राहक आणणे, दर ठरवणे आणि पैसे वसूल करणे त्याच्याकडे असते. एक-दोन जण कोड लिहितात, एक जण रचना आणि चित्रे करतो, एक जण मजकूर भरतो आणि फोन घेतो. नवा मुलगा येतो तो बहुधा या शेवटच्या जागेवर.

बहुतेक छोट्या एजन्सी वेबसाइट कोऱ्या पाटीपासून लिहीत नाहीत. २००३ मध्ये सुरू झालेली वर्डप्रेस ही मोफत आणि मुक्त प्रणाली त्या वापरतात. आज जगातील दर दहापैकी चार वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. त्यामुळे ही एक प्रणाली नीट शिकलेल्या मुलाला काम मिळण्याची शक्यता वाढते आणि ती शिकायला परवाना विकत घ्यावा लागत नाही.

एका वेबसाइटचा प्रवास

समजा, एखाद्या विहार समितीला वेबसाइट हवी आहे. पहिली पायरी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. शेवटी 'इन' येणाऱ्या भारतीय नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ताही घेता येतो.

दुसरी पायरी होस्टिंग. वेबसाइटच्या फाइली चोवीस तास सुरू असणाऱ्या कॉम्प्युटरवर ठेवाव्या लागतात, त्या जागेचे हे भाडे. कमी भाड्याची जागा एरवी पुरते, पण गर्दीच्या दिवशी तोकडी पडते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या स्मृतीसाठी दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात. समितीची वेबसाइट त्याच दोन दिवशी बंद पडली तर उरलेले वर्षभर ती सुरू असून उपयोग काय? हा विचार आधी करणे हे एजन्सीचे काम आहे.

तिसरी पायरी रचनेची. कोणती माहिती वर, कोणती आत, मोबाईलवर कशी दिसेल. आपल्याकडे वेबसाइट पाहणारा माणूस बहुधा मोबाईलवर आणि कमी रेंजमध्ये पाहतो. त्यामुळे मोठमोठे फोटो आणि हलती चित्रे टाकलेली वेबसाइट शहरातल्या ऑफिसात छान उघडते आणि पाटण किंवा शेणगावच्या चौकात उघडतच नाही. जिवतीच्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

चौथी पायरी मजकुराची. बहुतेक कामे इथेच अडतात. ग्राहक म्हणतो, 'माहिती उद्या पाठवतो.' तो उद्या महिनाभर येत नाही. येतो तेव्हा व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यांनी येतो, किंवा जुन्या स्मरणिकेची डीटीपीची फाइल येते. ती श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असते. त्या पद्धतीत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. वेबसाइटवर चिकटवली की नुसती कचऱ्यासारखी चिन्हे दिसतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. त्यासाठी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य' तिथे बऱ्याचदा बिघडतात. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. हा फरक मराठी नीट वाचणारा माणूसच पकडतो.

याला जोडूनच आणखी एक बारीक गोष्ट. मराठी आणि हिंदीची लिपी एक असली तरी 'ल' आणि 'श' यांची वळणे वेगळी आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचे नमूद केले आणि फाँटमध्ये ती सोय असली, तर अक्षरे मराठी वळणाची येतात. कित्येक मराठी वेबसाइटवर हे केलेलेच नसते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्ता' यासारखे चांगले देवनागरी फाँट मोफत मिळतात. चांगले मराठी येणे ही या धंद्यात कमाईची गोष्ट आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

शेवटची पायरी तपासणीची आणि सुपूर्द करण्याची. त्यानंतर सुरू होते ती देखभाल. प्रणाली अद्ययावत ठेवणे, रोजची प्रत काढून ठेवणे, कोणी घुसखोरी केली तर साफ करणे. रंग दिल्यावर घराचे काम संपत नाही, पावसाळ्याआधी छपरावर चढावेच लागते. तसेच हे.

दिवस कसा जातो?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दिवसभर कोड लिहिला जातो. प्रत्यक्षात नव्या माणसाचा बराचसा वेळ फोटो लहान करण्यात, फोन नंबर बदलण्यात, फॉर्म का जात नाही हे शोधण्यात आणि ग्राहकाचे म्हणणे समजून घेण्यात जातो. 'थोडासाच बदल आहे' हे वाक्य या ऑफिसात सर्वाधिक ऐकू येते. त्या थोड्याशा बदलासाठी कधी दहा मिनिटे लागतात, कधी दोन दिवस. बदल किती वेळा मोफत आणि त्यानंतर किती पैसे, हे कागदावर नसले तर तो भार शेवटी सर्वांत तरुण कामगाराच्या रात्रीवर पडतो.

आता मजकूर आणि साधा कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. चार पानांची साधी वेबसाइट त्यांच्या मदतीने काही तासांत उभी राहते. त्यामुळे फक्त तयार साचा जोडून देण्याच्या कामाचा भाव घसरणार. ग्राहकाला नेमके काय हवे ते ओळखणे, मराठी मजकूर तपासणे, बंद पडलेली वेबसाइट रात्रीतून उभी करणे यांना मात्र माणूस लागतोच. नव्याने शिकणाऱ्याने या बाजूवर भर द्यावा.

पैसा कुठे अडतो?

एजन्सीला पैसे साधारणपणे टप्प्याटप्प्याने मिळतात. काही आगाऊ, काही रचना पसंत पडल्यावर, उरलेले काम सुपूर्द करताना. मजकूर आला नाही की काम थांबते, काम थांबले की शेवटचा हप्ता थांबतो, हप्ता थांबला की पगार लांबतो. मालक वाईट नसला तरी हे घडते.

यावर कायद्यात उपाय आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा २००६ नुसार, सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी उपक्रमाची उद्यम नोंदणी हवी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. जिवतीत दोघा-तिघांनी मिळून असे काम सुरू केले तर पहिल्याच आठवड्यात ही नोंदणी करावी. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सामान्यतः जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हेही लक्षात ठेवावे.

इथे समाजातील संस्थांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. 'समाजाचे काम आहे, फुकट करून दे' असे म्हणून आपण आपल्याच मुलांची मजुरी बुडवतो. मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला पैसे देताना आपण मागेपुढे पाहत नाही. स्मरणिका छापणाऱ्यालाही देतो. मग तीच माहिती वेबसाइटवर आणणाऱ्या मुलाने दोन महिने रात्री जागून केलेले काम दान का समजावे? त्याने स्वखुशीने दान दिले तर स्वीकारावे. मागून घेऊ नये.

कायद्याचे छत्र किती?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. ती कारखान्यांसाठी होती. ऑफिसे आणि दुकाने यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवला. महिलांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी, असेही त्यात आहे. परंतु हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे तास दहा करण्याचा निर्णय घेतला. भविष्य निर्वाह निधीसाठीही वीस कामगारांची अट आहे. पाच-सात जणांची एजन्सी या सगळ्याच्या बाहेर राहते.

तरीही मुले अगदी उघड्यावर नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील वेतन संहिता कामगारांची संख्या पाहत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. नोकरी सोडली किंवा काढून टाकले तर देणे असलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावे लागते. 'ग्राहकाने पैसे दिले की तुझा पगार' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

बाँडबद्दल बरेच गैरसमज आहेत. काही जण म्हणतात बाँड बेकायदा आहे, काही जण त्याला घाबरून वर्षानुवर्षे अडकून राहतात. दोन्ही बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेथे एका सार्वजनिक बँकेने भरती प्रक्रियेवर केलेला खर्च विचारात घेतला गेला. प्रत्येक एजन्सीने लिहिलेली कोणतीही रक्कम आपोआप वसूल होते, असा त्याचा अर्थ नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या वेब कंपनीत जायचे नाही' ही अट तर कलम २७ मुळे टिकतच नाही.

सर्वांत महत्त्वाचे मूळ प्रमाणपत्रांचे. ती कोणत्याही कंपनीकडे ठेवायला देऊ नयेत. मूळ दाखवावे, छायाप्रत द्यावी. जिवतीतील अनेक बौद्ध कुटुंबे नांदेड, लातूर, परभणीकडून पोट भरण्यासाठी पहाडावर आलेली आहेत. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मूळ जिल्ह्यातून आणताना बापाने किती एसटी बदलल्या, हे त्या घरालाच ठाऊक असते. तो दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र एखाद्या ऑफिसच्या कपाटात अडकवून ठेवण्याची गोष्ट नाही.

केलेले काम कोणाचे?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार, नोकरीत असताना लिहिलेला कोड वेगळा करार नसल्यास मालकाचा असतो. स्वतंत्रपणे, कंत्राटावर लिहून दिला असेल तर लेखी हस्तांतर होईपर्यंत तो लिहिणाऱ्याचा. म्हणून नोकरी करणाऱ्याने आपण केलेल्या वेबसाइट पुढच्या मुलाखतीत दाखवायला परवानगी आहे का, हे सुरुवातीलाच विचारावे. स्वतंत्र काम करणाऱ्याने पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क लिहून द्यावेत.

वेबसाइट करून घेणाऱ्या संस्थेने एक गोष्ट पक्की करावी. डोमेन संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच ईमेलवर नोंदलेले असावे. होस्टिंगचा पासवर्डही संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा. नाहीतर काम करणारा मुलगा गाव सोडतो, एजन्सी बंद होते, नूतनीकरणाची तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि वर्षानुवर्षांचा पत्ता दुसराच कोणी नोंदवून घेतो. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' चालवताना स्वतःचा छापखाना असावा असा आग्रह धरला. आज त्या छापखान्याची किल्ली म्हणजे हा पासवर्ड.

जिवतीत राहून हे काम होईल का?

अर्धे होईल. कोड लिहायला आणि तपासायला सतत नेट लागत नाही. लॅपटॉपवरच वेबसाइट उभी करून पाहता येते आणि रेंज मिळाली की ती वर चढवता येते. अडचण ग्राहकाशी बोलण्याची आणि तातडीच्या दुरुस्तीची. अनेक गावांत रेंजचा आणि विजेचा भरवसा नाही. वेबसाइट बंद पडल्याचा फोन आला आणि आपणच रेंजबाहेर असलो तर ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षे गडचांदूर, राजुरा किंवा चंद्रपूरला बसून काम करणे आणि मग पहाडावर परतणे हा व्यवहार्य मार्ग आम्हाला दिसतो.

गावात बसून सॉफ्टवेअरचे काम होते याचा दाखला देशात आहे. झोहो कंपनीने २०११ मध्ये तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या माथलंपराई गावात ऑफिस सुरू केले. २००५ पासून ही कंपनी बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना फी न घेता, उलट विद्यावेतन देऊन शिकवते. प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलांकडूनच हजारो रुपये घेऊन 'नोकरीची हमी' देणाऱ्यांशी ही गोष्ट ताडून पाहावी.

जिवतीचे स्वतःचे बळही आहे. मराठी, गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि सीमेपलीकडची तेलुगू इथल्या मुलांच्या कानावरून रोज जाते. सीमेवरच्या १४ गावांत तर दोन राज्यांचे कागद घरात असतात. मराठी आणि तेलुगू दोन्ही वाचता येणारा माणूस पुण्याच्या एजन्सीला सहज मिळत नाही.

शिकण्यासाठी आयटीआयचा कोपा हा एक वर्षाचा, दहावीनंतरचा अभ्यासक्रम आहे. त्यात वेबसाइटची तोंडओळख होते. पुढचे एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्पवर मोफत शिकता येते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीसाठी ६,०००, आयटीआय-पदविकेसाठी ८,००० आणि पदवीसाठी १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन २०२४ मध्ये ठरवले गेले. ती संधी आपल्या वर्षी उपलब्ध आहे का, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारावे.

रुजू होण्याआधी विचारावेत असे सहा प्रश्न

१. नेमणुकीचे पत्र मिळेल का? त्यात पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख असेल का?

२. प्रशिक्षणाचा काळ किती, आणि त्या काळात किती पैसे? 'काम बघून ठरवू' हे उत्तर लेखी मागावे.

३. पगार कोणत्या तारखेला आणि बँकेतच जमा होईल का?

४. कामाचे तास किती? रात्री फोन आला तर तो कोणाची जबाबदारी?

५. बाँड आहे का? असल्यास रक्कम किती, आणि आपल्यावर कोणता खर्च केला जाणार आहे?

६. सोडताना अनुभवाचे पत्र मिळेल का, आणि केलेले काम दाखवता येईल का?

चांगला मालक या प्रश्नांनी चिडत नाही. त्यालाही उद्या ग्राहकाकडे असेच कागद मागायचे असतात. जो पहिल्याच दिवशी 'एवढे प्रश्न विचारणारे आम्हाला नकोत' म्हणतो, त्याच्याकडे सातव्या महिन्यात पगार मागणे किती कठीण जाईल याचा अंदाज तिथेच येतो.

पालकांनी हे सहा प्रश्न कागदावर लिहून मुलाच्या हाती द्यावेत आणि मुलगी जात असेल तर चौथा प्रश्न स्वतः फोन करून विचारावा. वस्तीतील जी मुले आज नागपूर-पुण्याला या कामात आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर विहारात बसून एक तास आपला अनुभव सांगावा. पगार किती, खोलीभाडे किती, हातात उरते किती, हे आकड्यांत सांगावे. पहाडावरून उतरणाऱ्या पुढच्या मुलाला त्याचा फार मोठा आधार होईल.